रॉ फोटोतले उडालेले हायलाइट अन् टोन मॅपिंग: पोरं सारखी सारखी विचारतात ते प्रश्न

परभणीत माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्नं-बारशी करतो आणि रविवारी सेलू, मानवत, जिंतूरकडची पाच-सहा पोरं एडिटिंग शिकायला येतात. प्रश्न जवळपास तेच असतात, आणि दर वेळी व्हॉट्सॲपवर तेच उत्तर टायपून बोटं दुखायलीत, म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरपैकी मी स्वतः डार्कटेबल जास्त वापरतो, रॉथेरपी अधूनमधून, आणि लाइटरूम गिऱ्हाइकाच्या कामापुरतं, त्यामुळं उदाहरणं तशीच येतील.

दादा, हायलाइट "उडालं" म्हणजे नेमकं काय झालं?

हायलाइट म्हणजे फोटोतला सगळ्यात उजळ भाग. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक छोटी घागर समजा. उजेड पडला की भरत जाते. काठोकाठ भरली की त्याच्यावर कितीबी ओता, आकडा तोच. १४ बिटच्या रॉमध्ये, म्हणजे सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, एकूण १६३८४ पायऱ्या असतात, १२ बिटमध्ये ४०९६. शेवटच्या पायरीला टेकलेले सगळे पिक्सेल एकसारखे, मग तिथं ढग होता का बापाचं धोतर, सॉफ्टवेअरला काही कळत नाही. याला आपण उडालं म्हणतो, कुणी जळालं म्हणतं.

आता गंमत अशी की घागरी तीन रंगांच्या आहेत, लाल, हिरवी, निळी, आणि तिन्ही एकदम भरत नाहीत. दिवसाच्या उजेडात बहुतेक वेळा हिरवी आधी भरते. म्हणजे हिरवी उडाली तरी लाल-निळ्यात माहिती शिल्लक असू शकते. रिकव्हरीचा सगळा धंदा या शिलकीवर चालतो. तिन्ही उडाल्या तर मग फक्त अंदाज, शेजारच्या पिक्सेलकडं बघून केलेला.

मग लाइटरूममध्ये हायलाइटचा स्लायडर ओढला की ढग परत येतात ते कुठून येतात?

बहुतेक वेळा ते गेलेलेच नसतात. हे नीट समजून घ्या, अर्धा गोंधळ इथंच आहे. उडणं दोन प्रकारचं असतं. एक, सेन्सरवर उडालं, घागर भरली, ते गेलं. दुसरं, सेन्सरवर सगळं ठीक आहे पण स्क्रीनवर दाखवताना ती ब्राइटनेस पांढऱ्याच्या वर गेली, म्हणून पांढरं दिसायलंय. दुसऱ्या प्रकारात माहिती फाइलमध्ये बसलेली आहे, नुसती छताच्या वर गेलीय, खाली ओढली की दिसते.

डार्कटेबलमध्ये नवीन पोरं हमखास घाबरतात, कारण फाइल उघडली की एक्सपोजर मॉड्यूल स्वतःहून थोडं वर करतं, साधारण ०.७ ईव्ही (ईव्ही म्हणजेच स्टॉप, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि तुम्ही कॅमेऱ्यात मायनस एक ठेवून काढला असेल तर ते मायनस पण भरून काढतं. मग पोरगं म्हणतं, दादा मी तर अंडर काढला होता, हे उडालंय कसं! अरे उडालं नाही, उजळ दाखवलंय. खरं काय ते बघायचं असेल तर रॉ ओव्हरएक्स्पोज्डचा इशारा लावा, शिफ्ट आणि ओ. नुसता ओ दाबला तर स्क्रीनवरचं क्लिपिंग, म्हणजे छाटलं गेलेलं, दिसतं, सेन्सरवरचं नाही. दोन्हीत फरक आहे, लय मोठा फरक.

कॅमेऱ्याच्या मागं काळं-पांढरं लुकलुकतंय म्हणजे फोटो गेला का?

गेलाच असं नाही. ते लुकलुकणं आणि कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) दोन्ही जेपीईजीवरून काढलेले असतात, आत जो पिक्चर स्टाइल लावलाय त्याच्यासकट. व्हिव्हिड किंवा लँडस्केप ठेवला असेल तर कॅमेरा लवकर बोंब मारतो. न्यूट्रल किंवा फ्लॅट स्टाइल ठेवा, कॉन्ट्रास्ट कमी करा, मग तो हिस्टोग्राम रॉच्या जरा जवळ येतो. जेपीईजी लुकलुकत असताना रॉमध्ये थोडीफार जागा बाकी असते, पण किती ते कॅमेऱ्यावर अवलंबून आहे, तेव्हा आपल्या कॅमेऱ्याची एकदा घरीच परीक्षा घ्या. पांढरा टॉवेल दोरीवर उन्हात टाका, एक-तृतीयांश स्टॉपनं वाढवत दहा फोटो काढा, आणि कितव्या फोटोला रॉ खरंच उडतो ते बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण कुणी करत नाही.

कापसाचा फोटो दर वेळी उडतो. काहून?

आपल्या काळ्या मातीमुळं. खरंच सांगतो. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला काही कळत नाही की समोर माती आहे का म्हैस, त्याला सगळं मधल्या करड्यावर आणायचं असतं. फ्रेममध्ये पाऊणभर काळी जमीन आली की तो म्हणतो अंधार आहे, आणि एक्सपोजर वाढवतो. मातीचा रंग उजळ येतो आणि त्यात फुटलेलं बोंड, जे आधीच उन्हात डोळे दिपवतंय, ते सरळ उडतं.

मागच्या वेचणीला मानवत रोडच्या एका शेतात दुपारी काढला तेव्हा आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा) १००, एफ ८ (लेन्सचं छिद्र) ला मीटर १/२५० सेकंद म्हणायलता. मी १/५०० वर काढला. स्क्रीनवर फोटो काळाकुट्ट दिसला, ज्याचं शेत त्यानं डोकावून "हे काय काढलं बाबा" म्हटलं. घरी आल्यावर डार्कटेबलमध्ये एक्सपोजर एक स्टॉप वर, आणि बोंडाच्या पाकळ्यांमधली ती बारीक तंतूंची सावली जागच्या जागी होती. माती पण उजळली, आयएसओ १०० होतं म्हणून दाणे आले नाहीत. हाच फोटो आयएसओ ३२०० ला असता तर सावल्या वर ओढल्यावर नुसती रेती दिसली असती. म्हणून पांढरं वाचवण्यासाठी अंडर काढा हा सल्ला कमी आयएसओला चालतो, रात्रीच्या मांडवात जपून.

फोटो उघडल्यावर ढगाला गुलाबी-जांभळी छटा का येते?

व्हाइट बॅलन्समुळं, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल साधतात त्यामुळं. दिवसाच्या उजेडात सॉफ्टवेअर लाल चॅनलला साधारण दुप्पट आणि निळ्याला दीडपट वगैरे गुणतं, हिरव्याला एकपट. आता तिन्ही घागरी काठोकाठ असल्या की गुणून लाल होतो दोन, निळा दीड, हिरवा एकच राहतो. हिरवा कमी पडला म्हणजे उरलं काय, मॅजेंटा. म्हणून सॉफ्टवेअर तिन्ही एका पातळीवर छाटतं, मग पांढरं दिसतं. छटा राहिलीच असेल तर डार्कटेबलच्या हायलाइट रिकन्स्ट्रक्शनमध्ये क्लिपिंग थ्रेशोल्ड १.० वरून जरासा खाली आणा, ०.९८ वगैरे. काही कॅमेऱ्यांची पांढऱ्याची पातळी सॉफ्टवेअरमध्ये थोडी चुकीची धरलेली असते, तिथं याचा उपयोग होतो.

डार्कटेबलमध्ये रिकन्स्ट्रक्शनच्या इतक्या पद्धती आहेत, लावायची कोणती?

काहीच करू नका, जी आपोआप लागते ती राहू द्या. तिचं नाव इनपेंट अपोज्ड, ४.२ आवृत्तीपासून तीच डिफॉल्ट आहे, आणि दहातल्या आठ फोटोंना पुरते. जो चॅनल उडालाय त्याचा अंदाज उरलेल्या दोनावरून लावते, एवढंच तिचं काम.

मोठा भाग उडालेला असेल, तिन्ही चॅनलसकट, जसं मंगल कार्यालयाच्या खिडकीतून येणारं ऊन, तर सेग्मेंटेशन बेस्ड करून बघा. गाइडेड लाप्लासियन्स ही पद्धत बारीक चमकेला, दिव्याच्या ठिपक्याला कधीकधी झकास काम करते पण लय हळू आहे, माझ्या जुन्या आय-३ कॉम्प्युटरवर चहा होऊन येतो तोवर. क्लिप हायलाइट्स म्हणजे सरळ छाटून टाकणं, वाईट नाही, सूर्यच फ्रेममध्ये असेल तर तेच बरं. रॉथेरपीवाले असाल तर तिथं कलर प्रोपगेशन आहे, शेजारचा रंग उडालेल्या जागेत पसरवतं, चेहऱ्यावरच्या चमकेला बरं पडतं, पण कधीकधी रंगाचे डाग पाडतं तेव्हा शंभर टक्क्यावर झूम करून बघा. लाइटरूममध्ये निवडायला काही नाही, ते आतल्या आत करतं.

टोन मॅपिंग म्हणजे एचडीआर ना?

नाही, पण सख्खे शेजारी आहेत. सध्याचा चांगला सेन्सर कमी आयएसओला १२-१४ स्टॉपची रेंज पकडतो. छापील कागद ६-७ स्टॉपच्या पुढं जात नाही. म्हणजे मोठा वाडा छोट्या खोलीत बसवायचाय, काय ठेवायचं, काय दाबायचं, काय सोडायचं, हा निर्णय म्हणजे टोन मॅपिंग. एचडीआर म्हणजे तो मोठा वाडा जमवणं, दोन-तीन एक्सपोजर जोडून वगैरे. रॉ एकच असेल तरी टोन मॅपिंग करावंच लागतं, तुम्ही करा नाहीतर सॉफ्टवेअर करेल.

आणि हे नवीन नाही. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टिम मांडली, तीच गोष्ट, दृश्यातला कुठला उजेड कागदावर कुठल्या करड्यावर बसवायचा ते आधी ठरवा. ते फिल्म अन् केमिकलनं करायचे, आपण माऊसनं.

फिल्मिक का सिग्मॉइड?

दोन्ही डार्कटेबलमधली टोन मॅपिंगची मॉड्यूलं. शिकायला सिग्मॉइड. दोन मुख्य स्लायडर, कॉन्ट्रास्ट आणि स्क्यू, संपलं. फिल्मिक आरजीबीमध्ये तुम्हाला सांगावं लागतं की मधल्या करड्यापासून वर किती स्टॉपला पांढरं धरायचं आणि खाली किती स्टॉपला काळं. ते पिपेटनं आपोआप पण ओढता येतं. ताबा जास्त, चुका पण जास्त. दोन्ही एकदम लावू नका, दोनदा दाबलेली भाकरी होते.

एडिट करतानाचा क्रम मात्र पक्का लक्षात ठेवा. आधी एक्सपोजरनं मुख्य विषय, म्हणजे चेहरा किंवा जे काय असेल ते, जिथं पाहिजे तिथं आणा. ढगाकडं बघूच नका. मग सिग्मॉइड किंवा फिल्मिकनं वरची टोकं आत बसवा. पोरं उलटं करतात, ढग वाचवायला एक्सपोजर खाली, मग चेहरा काळा, मग शॅडो वर, मग कॉन्ट्रास्ट मेला म्हणून क्लॅरिटी, आणि शेवटी फोटो भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा दिसतो.

हायलाइट मायनस १०० केलं तर पांढरं राखाडी का होतं?

कारण तिथं काही नव्हतंच. माझ्यावर बेतलेलं सांगतो. आत्याच्या घरचं लग्न, बारा वाजता मुहूर्त, नवरीचे आजोबा पांढरी टोपी, पांढरा सदरा घालून कार्यालयाच्या दारात उभे, मागून ऊन. मी आतल्या अंधारावर मीटर करून काढला. टोपी तिन्ही चॅनलमध्ये उडाली. तेव्हा मला वाटायचं रॉ म्हणजे जादू, स्लायडर पार खाली ओढला, स्क्रीनवर पांढरा डाग गेला म्हणून खूश झालो आणि अल्बम छापायला दिला. अल्बम बघून आत्या म्हणाली, "मामंजींच्या टोपीला राख लागली काय रे?" पांढरं होतं ते सपाट राखाडी झालं होतं, सिमेंटनं लिंपल्यासारखं.

तेव्हापासून नियम, उडालेलं असेल तर त्याला पांढरंच राहू द्या. त्याच्या काठाला थोडी सावली दाखवा, मऊ उतार द्या, बस. उन्हात पांढरी टोपी डोळ्याला पण पांढरीच दिसते. लाइटरूममध्ये व्हाइट्सचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढा, जिथं टिपके दिसायला लागतात तिथं थांबा, आणि हायलाइट मायनस ४०-५० च्या पुढं नेताना स्वतःला विचारा कशासाठी नेतोय.

वेरूळला आत अंधार अन् बाहेर लख्ख आकाश, एका फोटोत कसं बसवू?

सोळा नंबरच्या लेण्यात, कैलासात, बाजूच्या ओवरीत उभं राहून अंगणाकडं बघितलं की हाच प्रश्न पडतो. कॅमेरा स्पॉट मीटरवर ठेवून आधी आकाश मोजा, मग ओवरीतला खांब मोजा. आकाशाला १/१००० आणि खांबाला १/१५ आलं म्हणजे सहा स्टॉपचा फरक. सहा स्टॉप म्हणजे एका रॉमध्ये बसतं, हातात कमी आयएसओ असेल तर. आकाश उडणार नाही एवढं एक्सपोजर ठेवा आणि अंधार नंतर उचला.

उचलायचं कसं, तर इथं साध्या कर्व्हनं भागत नाही, कारण कर्व्हनं सावली उचलली की खांबावरच्या शिल्पाचा कॉन्ट्रास्ट पण चपटा होतो. इथं लोकल टोन मॅपिंग लागतं, म्हणजे अख्ख्या अंधाऱ्या भागाला एकत्र वर उचलायचं पण त्याच्या आतला चढ-उतार तसाच ठेवायचा. डार्कटेबलमध्ये त्याला टोन इक्वलायझर आहे. त्यात मास्क बघायचं बटण दाबा, मास्क आधी धुरकट मऊ झाला पाहिजे, पण कडांवर तीक्ष्ण, मग स्लायडर हलवा. मास्क न बघता स्लायडर हलवणारी पोरं नंतर विचारतात दादा खांबाभोवती पांढरी कड का आली. ती कड म्हणजे हेलो. रॉथेरपीमध्ये डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन आहे, २००२ च्या फत्तालच्या पद्धतीवर बसवलेलं, ताकदवान आहे पण थोडं जास्त झालं की दगड प्लॅस्टिकचा दिसतो. कैलासाचा बेसाल्ट बुळबुळीत दिसला की समजा तुम्ही पुढं गेलात.

आणखी एक, वेरूळची लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत. दुपारनंतर जा, ऊन आत येतं, फरकच कमी होतो. सहा स्टॉपशी घरी कुस्ती खेळण्यापेक्षा तीन तास थांबणं सोपं. अजिंठ्याला मात्र फ्लॅश चालत नाही, आत चित्रांवर उजेड मंद असतो, तिथं हायलाइटचा प्रश्न कमी अन् नॉइजचा, म्हणजे दाण्यांचा, जास्त.

मग ब्रॅकेटिंग करायची का?

म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्सपोजरचे फोटो काढून जोडणं. फरक सेन्सरच्या बाहेर जात असेल तरच. मायनस दोन, शून्य, प्लस दोन असे तीन काढले की पुरतं. माणसं हलत असतील तर नको, लग्नात तर नकोच, वऱ्हाडी दोन डोक्यांचे दिसतात.

पैठणीची जर दर वेळी उडते.

उडू द्या. जरीची चमक म्हणजे उजेडाचं थेट प्रतिबिंब, ती धरायला गेलात तर सगळी साडी काळी करावी लागेल. आणि चमक दाबली की जर पिवळ्या दोऱ्यासारखी दिसते. फक्त एवढं बघा की चमकेच्या बाजूचा सोनेरी रंग टिकलाय का. तो पांढरट झाला असेल तर सिग्मॉइडमध्ये प्रिझर्व्ह ह्यू वाढवून बघा, किंवा आरजीबी रेशो मोड. प्रत्येक चॅनलला वेगळा कर्व्ह लागला की केशरीचा पिवळा होतो अन् पिवळ्याचा पांढरा, दिव्याच्या ज्योतीला हेच होतं.

डीजेच्या निळ्या लाइटमध्ये चेहरा सपाट निळा डाग दिसतो.

एलईडीचा शुद्ध निळा, त्यात निळा चॅनल एकटा उडतो आणि बाकी दोन जवळपास रिकामे. हिस्टोग्राम ब्राइटनेसचा बघितला तर सगळं ठीक दिसतं, म्हणून आरजीबी हिस्टोग्राम लावा. काढताना एक-दीड स्टॉप अंडर. एडिटला सॅच्युरेशन खाली आणा, रंग स्क्रीनच्या ताकदीच्या आत येतो अन् चेहऱ्यावर थोडा आकार परत दिसतो. नाहीच जमलं तर ब्लॅक अँड व्हाइट, लाल आणि हिरव्या चॅनलमधून. मी तर बरेचदा तेच करून देतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो की आर्ट आहे.

जेपीईजी मधून हायलाइट परत येतं का?

८ बिट, चॅनलला २५६ पायऱ्या, आणि कॅमेऱ्यानं आधीच छाटलेलं. नाही.

मोबाइलच्या रॉमध्ये?

येतं, पण कमी. साध्या मोबाइलचा डीएनजी (मोबाइलची रॉ फाइल) बरेचदा १० बिटचा, म्हणजे १०२४ पायऱ्या, आणि सेन्सर नखाएवढा. काही महागड्या फोनचे रॉ आतल्या आत अनेक फ्रेम जोडून बनवलेले असतात, ते बरे निघतात. गंमत म्हणजे त्याच फोनचा जेपीईजी साध्या रॉपेक्षा आकाश जास्त वाचवतो, कारण फोननं स्वतः टोन मॅपिंग केलेलं असतं. त्यामुळं रॉ घेऊन फोटो खराब दिसायला लागला तर तुमचं काही चुकलेलं नाही, फोन करत होता ते काम आता तुमच्याकडं आलंय.

सराव कशावर करू?

संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यावर. घुमट संगमरवरी आहे, खालच्या भिंतींवर बराचसा गिलावा आहे. दोन्ही पांढरेच, पण संगमरवर जरा थंड आणि गिलावा जरा मळका, उबदार. फोटो थोडा जरी उडाला की दोन्ही एकच होतात. दुपारी एक अन् संध्याकाळी एक असे दोन रॉ काढा, आणि दोन्हीत घुमट कुठं संपतो अन् गिलावा कुठं सुरू होतो ते नुसत्या रंगावरून ओळखू येईल असं एडिट करून आणा. दुपारचा बहुतेकांना जमत नाही, पहिल्या रविवारी तर नाहीच. येताना एडिट केलेला जेपीईजी नको, रॉ आणि त्याची साइडकार फाइल (एडिटची नोंद असलेली) दोन्ही पेन ड्राइव्हवर घेऊन या, नुसता जेपीईजी बघून मला कळत नाही कुठं चुकलं ते.